नांदूर मध्यमेश्वर: जानेवारी, गुडघे आणि नातू

कोथरूडची आजी
नमस्कार मंडळी. नातू साडेआठ वर्षांचा. दिवाळीत कुणीतरी त्याला पक्ष्यांचं पुस्तक दिलं, तेव्हापासून "आजी, रोहित (फ्लेमिंगो) कधी दाखवणार?" हा धोशा लावलाय. जानेवारीत नाशिकला नणंदेकडे जातोय, तेव्हा निफाडजवळचं नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य करावं म्हणते. गुडघे कुरकुरतात, पक्षी बघायचा मनोरा चढणं जमेलसं वाटत नाही. घरात यजमानांची जुनी १० बाय ५० दुर्बीण आहे, धोंड्यासारखी जड. चालेल का? गेल्या वर्षी एका तळ्यावर दोन तास घालवून सहा बगळे आणि एक म्हैस बघून आलो, म्हणून आधी विचारते.

दुर्बीणवाला
दहापट मोठं दिसतं, पण हाताची थरथरही दहापट दिसते. ८ बाय ४२ उसनी मिळाली तर उत्तम, नाहीतर आहे तीच कठड्यावर टेकवून बघा. शिवाय अभयारण्याच्या चापडगावच्या गेटवरून गाईड घ्याच. त्यांच्याकडे तिवईवरची मोठी दुर्बीण असते, नातवाला तिच्यातूनच खरी मजा येईल.

निफाडचा मास्तर
काकू, निवृत्त शिक्षक आहे, चाळीस वर्षं या पाण्याच्या आसपास काढली. दोन गोष्टी सांगतो, बाकी तुमचं तुम्हाला कळेल.

पहिली म्हणजे पाण्याची चौकशी करून या. हा इंग्रजांच्या काळातला बंधारा, गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा. इथून कालव्यांना पाणी जातं. वर्षानुवर्षं गाळ साचून तलाव उथळ झाला. पाणी साठवायला वाईट, पण पक्ष्यांची चंगळ! बेटं झाली, पाणगवत माजलं. आवर्तनाच्या, म्हणजे वरच्या धरणांतून पाणी सोडण्याच्या वेळी पाणी चढलं की चिखलात चोच खुपसणारे शेकाट्या, तुतवार पांगतात. उतरलं की ओल्या गाळावर पंगत बसते. लोक तारीख बघून येतात नि "या वर्षी पक्षीच नाहीत" म्हणून परततात. अहो, आदल्या दिवशी गाईडला फोन करून पाणी किती आहे ते विचारा की!

दुसरी म्हणजे रोहितासाठी जीव टाकू नका. येतो तर येतो. नातवाला आधी वारकरी दाखवा. काळा पक्षी, कपाळावर पांढरा टिळा. शेकड्यांनी असतात, आणि उडायच्या आधी पाण्यावरून धावतात तेव्हा पोरं खिदळतात. मग केशरी-तांबूस चक्रवाक बदक, बहुधा जोडीने. लडाख-तिबेटकडून हिवाळा काढायला येतो. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालायला लागला की सगळी बदकं एकदम उठतात. तो आवाज पुस्तकात नाही मिळायचा.

मनोऱ्याचं म्हणाल तर गरज नाही. काठावर सतरंजी टाका, सूर्य पाठीशी घ्या आणि अर्धा तास हलू नका. लाल-पिवळे स्वेटर नकोत. कानटोपी मात्र हवीच. जानेवारीत इकडे पारा ५-६ अंशांवर येतो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. धुकं असेल तर सातला पोचूनही काही दिसत नाही, म्हणून चहा पिऊन आठला निघालात तरी चालेल.

पाणकोंबडी
मास्तर, रोहिताला इतकं खाली पाडू नका हो! बाकी पटलं. २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झाल्यापासून रविवारी जत्रा असते. मधला वार धरा.

कोथरूडची आजी
जाऊन आलो! मंगळवारी गेलो. गाईडने आदल्या दिवशीच "पाणी उतरलंय, या" म्हणून सांगितलं होतं. रोहित अकरा, पण फार लांब, गुलाबी ठिपके नुसते. नातवाने त्यांच्याकडे पाच मिनिटं पाहिलं आणि मग वारकऱ्यांचं धावणं मोजत बसला. माझा एक प्रश्न. काठाजवळ सात-आठ बदकं डोकं पाण्यात घालून गोल गोल फिरत होती, अगदी फुगडी घालावी तशी. काहींचं डोकं हिरवं, काही तपकिरी, चोच पुढे पसरट. गाईड तेव्हा दुसऱ्यांसोबत होता.

निफाडचा मास्तर
थापट्या. हिरव्या डोक्याचे नर, तपकिरी माद्या. ते फिरले की पाणी घुसळून खालचं खाणं वर येतं, मग पसरट चोचीने गाळून घेतात. पुढच्याची घाण मागच्याच्या तोंडात म्हणा ना! नातवाला सांगा, मास्तरांनी दहापैकी दहा दिले.