वायनरी सहल: एका दिवसात पाच जमतील का?

भटकंती
पुढच्या सहलीत दोन दिवस खास वायनरी आणि द्राक्षबागांसाठी ठेवलेत. दिवसाला पाच होतील का? तोडणीच्या हंगामात जावं की आधी? आणि आठ बाटल्या विमानाने न्यायच्या तर काय काळजी घ्यायची?

द्राक्षवेल
पाच अजिबात नकोत, तीन पुष्कळ झाल्या. प्रत्येक वाइन ३० ते ५० मिली ओततात. एका ठिकाणी ५० मिलीच्या पाच वाइन चाखल्या म्हणजे २५० मिली, ७५० मिलीच्या बाटलीचा तिसरा हिस्सा. तीन ठिकाणी सगळं गिळलंत तर एक अख्खी बाटली पोटात जाते. टेबलावरची थुंकदाणी त्यासाठीच असते. बिनधास्त वापरा, तिथे कुणाला ते गैर वाटत नाही. पण गाडी चालवणाऱ्याने चाखूच नये, कारण थुंकली तरी थोडी दारू अंगात जातेच.

फेरफटका आणि टेस्टिंग मिळून दीड-दोन तास धरा आणि वेळ आधी ठरवून घ्या. लहान वायनरी बऱ्याचदा न कळवता आलेल्यांना घेत नाहीत. पहिली भेट सकाळी अकराच्या सुमारास ठेवा, तेव्हा जीभ ताजी असते. अत्तर लावू नका, नाहीतर ग्लासात त्याचाच वास येत राहील.

चाखायचा क्रम साधारण असा: स्पार्कलिंग (बुडबुड्यांची), पांढरी, रोझे (गुलाबी), लाल आणि शेवटी गोड. लाल वाइनमधलं टॅनिन, म्हणजे तिच्यातला तुरटपणा, तोंड कोरडं करतं, त्यानंतर नाजूक पांढरी पाणचट लागते. गोड आधी घेतली तर पुढची कोरडी (म्हणजे गोड नसलेली) वाइन उगाच आंबट वाटते. पांढरी फार गार असली तर वास दबतो. ग्लास दोन्ही तळव्यांत धरून दोन-तीन मिनिटं थांबा आणि परत हुंगा. फरक लगेच कळेल.

काडी_छाटणी
वरच्या हिशोबाशी सहमत. हंगामाचं सांगतो. तोडणी उत्तर गोलार्धात साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर, दक्षिणेत फेब्रुवारी ते एप्रिल. तेव्हा बघायला खूप असतं, पण वाइन बनवणाऱ्याला बोलायला फुरसत नसते. प्रश्न विचारायचे असतील तर महिना-दीड महिना आधी, मण्यांत पाणी उतरताना, म्हणजे ते पिकायला लागून मऊ होताना जा. एकाच घडात हिरवे कडक मणी आणि जांभळे मऊ मणी शेजारी शेजारी दिसतात, ते जवळून बघण्यासारखं आहे. मणी तोडायचा तर आधी विचारा.

हंगामात गेलातच तर आंबवणाच्या टाकीवर वाकून बघू नका. आंबताना कार्बन डायऑक्साइड निघतो. तो हवेपेक्षा जड असल्याने टाकीत आणि खोलगट जागी साचतो, आणि त्याला वास नसतो. माणूस चक्कर येऊन आत पडू शकतो.

बुटांची माती आधीच्या बागेतच झटका. मातीबरोबर फायलोक्सेरा ही मुळांवरची कीड पसरते. १९व्या शतकात तिने युरोपच्या बागा उजाड केल्या. म्हणून काही ठिकाणी बूट जंतुनाशकात बुडवायला लावतात. कंटाळा न करता बुडवा.

बूच
बाटल्यांबद्दल. भरलेली बाटली साधारण सव्वा ते दीड किलो, म्हणजे आठांचे १० ते १२ किलो. सामानाची वजनमर्यादा आधी बघा. कस्टमची सूट लिटरमध्ये मोजतात आणि तुमच्या आठ बाटल्या म्हणजे ६ लिटर, तेव्हा उतरायच्या देशाचा नियम वाचून मगच खरेदी करा. बाहेरून आणलेली बाटली साधारणपणे विमानाच्या केबिनमध्ये चालत नाही. प्रत्येक बाटली वेगळ्या बंद पिशवीत घालून बॅगेच्या मध्यभागी ठेवा. चारी बाजूंनी कपडे हवेत आणि काच काचेला लागता कामा नये.

खरी नासाडी गाडीच्या डिकीत होते. उन्हात वाइन फुगते, बूच वर सरकतं आणि गळ्याशी चिकट ओघळ येतो. अशी बाटली ठेवणीची राहत नाही. खरेदी दिवसाच्या शेवटच्या थांब्यावर करा, आणि घरी आल्यावर एक-दोन आठवडे बाटल्यांना हात लावू नका.

भटकंती
तीनच ठेवतो. पिंपातली वाइन चाखायला मिळाली तर?

द्राक्षवेल
जरूर घ्या, पण तिच्यावरून खरेदी ठरवू नका. ती तयार झालेली नसते, गढूळ असते आणि तुरट लागते. त्याच वाइनची आधीच्या वर्षाची बाटली लगेच शेजारी मागा, म्हणजे पिंपाने आणि काळाने काय बदललं ते जिभेलाच कळतं.