‘रळलं का लेकरू?’: रडणं, टाहो की श्वास?

ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात आशा सेविका आहे. बाळंतपण झालं की घरचे आधी विचारतात, ‘रळलं का लेकरू?’ गावासाठी माहितीपत्रक लिहिताना मी ‘बाळाने टाहो फोडला का?’ असं लिहिलं. आमचं काम पाहणाऱ्या गटप्रवर्तक बाईंनी ते खोडलं. मग काय लिहू?

– ‘टाहो’ खोडला ते बरंच झालं. टाहो सहसा दुःखाने फोडतात. झाडाचं ‘झाळ’ होतं तसं आपल्याकडे रडण्याचं ‘रळणं’ झालं, पण बाळंतिणीच्या दाराशी त्याचा अर्थ रडण्यापुरता राहत नाही. तिथे ‘रळलं’ म्हणजे ‘जगलं’. माझी आजी ‘रळलं नाही वं’ म्हणायची, तेव्हा पुढचं कोणी विचारत नसे.

तरी पत्रकात फक्त ‘रडलं का’ नको. एखादं बाळ न रडताही नीट श्वास घेतं. त्याला रडवायला उलटं धरून चापट्या मारणं तर मुळीच नको.

मग ‘पहिला श्वास घेतला का?’

– जवळ आलीस, पण ‘घेतला’पाशी मी अडते. पोटातही बाळाची छाती अधूनमधून श्वासासारखी हलते, फक्त फुप्फुसात हवेऐवजी द्रव असतो. जन्मल्यावर तेच काम न थांबता चालावं लागतं. शाळेच्या पुस्तकातलं मस्तिष्कपुच्छ, म्हणजे मेंदूचा अगदी खालचा भाग, आठवतं? तिथल्या काही पेशी रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवर नजर ठेवतात. उंदरांच्या पिलांत या पेशी अगदी जन्माच्या सुमारास ‘पॅकॅप’ नावाचं रसायन बनवू लागतात, असं व्हर्जिनिया विद्यापीठाच्या गटाने 2020 मध्ये दाखवलं. ते दाबलं तर श्वास मध्येच थांबायचा. भोवतालचं तापमान बदललं की आणखी जास्त. म्हणजे एकदा घेतलेला श्वास पुरत नाही, तो चालू ठेवणारं कोणी आत लागतं. म्हणून क्रियापदही चालू काळातलं हवं.

‘दम धरला का?’ हे आमच्या गावात लगेच कळेल.

– नको गं. दम धरणं म्हणजे थांबणं, वाट पाहणं. इथे तर पहिल्या मिनिटालाच घाई असते. ‘जीव धरला’ मला फार आवडतं, लावलेलं रोप जीव धरतं तसं. पण त्याला दिवस लागतात.

असं लिही: ‘लेकरू रडो न रडो, आपल्या आपण, न थांबता श्वास घेत आहे का? नसेल तर कोरडं पुसा, पाठ हळू चोळा आणि सिस्टरला त्याच क्षणी हाक मारा.’ आणि वर ठळक अक्षरात ‘रळलं का लेकरू?’ राहू दे. वाचणारी माय त्याच शब्दावर थांबेल.