मे महिन्यात दोन लहान मुलांना घेऊन सांगलीत कमी खर्चात काय करता येईल?

प्रश्न : दोन पिल्लांची आई, विश्रामबाग

नमस्कार. आमची मुलगी सात वर्षांची आणि मुलगा साडेचार वर्षांचा आहे. मोठीची परीक्षा संपली असून शाळा उघडेपर्यंत दोघेही आता दिवसभर घरात आहेत. गेल्या वर्षी एका उन्हाळी शिबिराला दोघांचे मिळून साडेचार हजार रुपये भरले होते. पहिले चार दिवस चित्रकला झाली आणि पुढे मुलांना एका खोलीत बसवून टीव्हीवर कार्टून दाखवत असत, हे मुलीने जेवताना सहज सांगितले तेव्हा कळले. त्यामुळे यंदा तो मार्ग नको आहे. यजमानांना फक्त रविवारी सुट्टी असते, घरात एक दुचाकी आहे, आणि सासूबाई सोबत असल्या तरी गुडघ्यांमुळे त्यांना मुलांच्या मागे धावता येत नाही. एका वेळी शंभर-दीडशे रुपयांच्या वर खर्च होणार नाही, अशा गोष्टी कृपया सुचवाव्यात.

उत्तर : हरिपूरकर

ताई, पहिली गोष्ट म्हणजे बाहेर पडायचे ते सकाळी साडेसहाला आणि नऊच्या आत घरी परतायचे; या दिवसांत त्यानंतर मुलांना उन्हात नेणे योग्य नाही. रविवारी हरिपूरला या. तेथे कृष्णा आणि वारणा यांचा संगम आहे, संगमेश्वराचे मंदिर आहे आणि सकाळी काठावर चांगली सावली असते. दोन नद्या एकत्र येतात म्हणजे नेमके काय होते, हे पुस्तकातल्या चित्रापेक्षा तेथे उभे राहून मुलांना लवकर कळते. हरिपुरात पूर्वी हळद जमिनीखालच्या पेवांत साठवत असत. पेवाचे तोंड अरुंद आणि पोट रुंद असते. २००५ च्या महापुरानंतर त्यांपैकी बरीच निकामी झाली, तरी गावातल्या एखाद्या वयस्क माणसाला विचारले, तर आपल्या पायाखाली हळद कशी ठेवत असत हे तो मुलांना हौसेने सांगेल.

एक सूचना मात्र कटाक्षाने पाळावी. पाणी कितीही शांत दिसले तरी मुलांना नदीत पाय बुडवू देऊ नये. सांगली परिसरात कृष्णेत मगरी आहेत आणि त्यांनी माणसांवर हल्ले केलेले आहेत.

उत्तर : निवृत्त भूगोल शिक्षक

आपण अगदी योग्य वेळी विचारले आहे, कारण एक रुपयाही न लागणारी एक गोष्ट येत्या काही दिवसांतच घडणार आहे. सांगलीचा अक्षांश सुमारे १६.८५ अंश उत्तर आहे, आणि उत्तरेकडे सरकणारा सूर्य ७ मेच्या सुमारास भर दुपारी बरोबर आपल्या डोक्यावर येतो, म्हणून त्या वेळी सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाबाहेर पडतच नाही. हे घड्याळात बारा वाजता मात्र होत नाही. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि सांगली त्याच्या सुमारे आठ अंश पश्चिमेला आहे. दर अंशाला चार मिनिटे या हिशेबाने सूर्य आपल्याकडे उशिरा माथ्यावर येतो, त्यामुळे साडेबाराला दोन-चार मिनिटे असतानाच गच्चीवर उभे राहावे.

मुलांसाठी खरी गंमत मात्र आदल्या दिवसांत आहे. आजपासून रोज त्याच वेळी हातभर उंचीची काठी ओळंब्यात उभी करून सावलीच्या टोकाशी खडूने खूण करावी. सात मेच्या दहा दिवस आधी ही सावली उत्तरेकडे जेमतेम पेरभर असते, रोज ती थोडी आखडत जाते, आणि नंतर तिची दिशा फिरून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ती दक्षिणेला पडते. मी हा प्रयोग माझ्या नातवाबरोबर केला, तेव्हा त्याने स्वयंपाकघरातून फुलपात्र आणून उपडे ठेवले आणि सावली नाहीशी झालेली पाहून ते उचलून खाली डोकावला. सूर्याकडे थेट पाहू देऊ नये, पायात चप्पल असावी, आणि दहा मिनिटांत खाली यावे.

उत्तर : मिरजेची मावशी

विश्रामबागेतून मिरजेला शहर बसने येता येते. सतारमेकर गल्लीत सतारी आणि तंबोरे घडवतात; मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यासाठीचे मोठे भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतात. वाळलेल्या भोपळ्यावर बोटाने टिचकी मारल्यावर आतून येणारा पोकळ आवाज मुलांना फार आवडतो, परंतु ही माणसांच्या रोजीरोटीची जागा असल्याने आधी विचारून, कामाची घाई नसेल तेव्हाच जावे आणि हात लावण्यापूर्वी परवानगी घ्यावी.

दुपारसाठी सासूबाईंना चल्लस आठ आठवते का ते विचारा. फरशीवर खडूने पाच बाय पाच घरांचा पट आखावा आणि चिंचोके फोडून त्यांच्या चार डाळ्या घ्याव्यात. चारही पांढऱ्या पडल्या तर चार, चारही काळ्या पडल्या तर आठ, आणि या दोन्हींना पुन्हा फेकायला मिळते. गुडघे दुखत असतील तर स्टुलावर पाट ठेवून खेळावे. साडेचार वर्षांच्या मुलाला एवढ्याने बेरीज येऊ लागते, असा माझा अनुभव आहे. चिंचोका नाकात घालणाऱ्या वयाकडे तेवढे लक्ष ठेवावे.

दोन पिल्लांची आई

सर्वांची आभारी आहे. पट कालच आखला. सासूबाई लागोपाठ तीन डाव जिंकल्या आणि नातवाला जिंकू द्यावे असे त्यांना मुळीच वाटले नाही, म्हणून थोडे रडणेही झाले. काठीची पहिली खूण आज केली. गुरुजी, ७ तारखेला नेमके वळवाचे ढग आले तर काय करावे?

निवृत्त भूगोल शिक्षक

६ किंवा ८ तारखेला पाहावे. एका दिवसाने हातभर काठीच्या सावलीत जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक पडतो, फुलपात्राला तर तोही दिसणार नाही.