शब्दचर्चा : 'रात्रौ ठीक ९॥ वाजतां' आणि जुन्या जाहीर खबरींतले शब्द

प्रश्न

१९०० ते १९३० या काळातली मराठी हस्तपत्रके वाचताना साधारण अशा धाटणीचा मजकूर वारंवार भेटतो :

'शनिवार, रात्रौ ठीक ९॥ वाजतां (स्टँ. टा.) खेळास सुरुवात होईल. दर : कोच रु. २, खुर्ची १॥, पिट ॥. स्त्रियांस बसण्याची निराळी सोय. वन्समोअर देणें न देणें मॅनेजरच्या मर्जीवर.'

यातले '॥' हे चिन्ह, 'स्टँ. टा.' आणि 'पिट' यांचा नेमका अर्थ काय? शिवाय नाटकाला 'प्रयोग' न म्हणता 'खेळ' का म्हटले आहे? गावात अशी खबर दवंडीनेही देत, तर 'दवंडी' आणि 'डांगोरा' एकच का?

उत्तर

चिन्हापासून सुरुवात करू, कारण घोटाळा तिथेच जास्त होतो. आकड्यापुढचा एक दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. म्हणून ९। सव्वानऊ, ९॥ साडेनऊ आणि ९॥। पावणेदहा. पैशांतही हाच हिशेब. १॥ म्हणजे दीड रुपया. नुसते ॥ असेल तर अर्धा रुपया, म्हणजे आठ आणे. चार आण्यांच्या आतली रक्कम तिरक्या रेघांनी दाखवीत, एका आण्याला एक रेघ, तीन आण्यांना तीन. दुसरी पद्धत रु. १-८-० अशी, तिच्यात क्रमाने रुपये, आणे, पै येतात. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे किंवा १२ पै.

जुना मजकूर संगणकावर उतरवताना हे दंड हमखास बिघडतात. '९॥' चे '९११' होते, किंवा दंडाला पूर्णविराम समजून कोणीतरी तो गाळून टाकतो आणि साडेनऊचा खेळ नऊचा होतो. मूळ पानाचे चित्र समोर ठेवल्याशिवाय असा आकडा कायम करू नये.

नाण्यांच्या नावांतही एक खड्डा आहे. पावली चार आण्यांची, अधेली आठ आण्यांची, हे सरळ आहे. चवली मात्र दोन आण्यांची. 'चव' म्हणजे चार असे धरून बरेच जण तिला चार आण्यांवर नेतात, आणि मग स्वस्तातल्या जागेचा दर दुप्पट होऊन बसतो.

उत्तर

'स्टँ. टा.' म्हणजे स्टँडर्ड टाइम. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने हिंदुस्थानासाठी एकच प्रमाणवेळ धरली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्या सुमारे ३९ मिनिटे मागे होती. मुंबईकरांनी नव्या वेळेला मोठा विरोध केला आणि मुंबई महानगरपालिकेने तर पुढे कित्येक वर्षे जुनी 'मुंबई टाइम' चालू ठेवली. त्यामुळे नुसते 'ठीक ९॥' लिहिले तर कोणत्या घड्याळाचे, हा खराखुरा प्रश्न होता. मुंबई टाइमप्रमाणे साडेनऊ वाजत तेव्हा स्टँडर्ड घड्याळात दहा वाजून नऊ मिनिटे झालेली असत. एवढ्यात नांदी आटोपून पहिला प्रवेश रंगात आलेला असायचा. आगगाडीने बाहेरगावाहून येणाऱ्या प्रेक्षकाला तर ही दोन अक्षरे फारच मोलाची होती.

'रात्रौ' बद्दलही एक सांगतो. 'रात्रि' या संस्कृत शब्दाचे हे सप्तमीचे रूप आहे, म्हणजे 'रात्री' हा अर्थ त्यातच आला. 'रात्रौला' किंवा 'रात्रौच्या वेळी' अशी जोडणी करू नये.

तारखेऐवजी मिती (पंचांगातली तिथी, महिना आणि शक) दिली असेल तर शकात ७८ मिळवून इसवी सन काढतात. पण १ जानेवारीनंतर, म्हणजे साधारण पौषापासून फाल्गुन संपेपर्यंत, ७९ मिळवावे लागतात. 'मानापमान'चा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ चा. तो शके १८३२ च्या फाल्गुनात येतो. ७८ मिळवले तर नाटक वर्षभर आधीच रंगमंचावर येते! संग्रहांच्या याद्यांत अशी एका वर्षाची चूक दिसली की आधी महिना पाहावा.

उत्तर

पिट म्हणजे स्वस्त दरातली, गर्दीची जागा. 'पिटातला प्रेक्षक' हा शब्दप्रयोग त्यावरूनच आला. टाळ्या, शिट्ट्या आणि वन्समोअर यांचा जोर तिथेच असे. वन्समोअरची ओळ लोकांना तुटक वाटते, पण तिला कारण आहे. संगीत नाटकात पदे भरपूर, एकेक पद पुन्हा पुन्हा मागितले गेले की खेळ पहाटेपर्यंत लांबे आणि मुख्य गायक नटाचा आवाज बसे. फिरत्या कंपनीला त्याच गळ्यावर पुढचे खेळ काढायचे असत.

'खेळ' हा शब्द इथे जराही हलका नाही. तो सर्कशीला, कठपुतळीला, जादूला, नाटकाला, सगळ्यांना चाले. 'प्रयोग' नाटकापुरता राहिला. नाटक मंडळ्यांच्या बोलण्यात 'आज खेळ आहे', 'खेळ पडला', 'खेळ उभा केला' हेच शब्द होते. कोणी नाटकाला गेले की 'खेळाला गेले' असेच घरात म्हणत.

संस्थेच्या मदतीसाठी केलेला खेळ असेल तर 'बेनिफिट' किंवा 'मदतीचा खेळ' असा उल्लेख असतो. सर्वांत गाजलेले उदाहरण ८ जुलै १९२१ चे, मुंबईच्या बालीवाला थिएटरातले 'संयुक्त मानापमान'. टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन मंडळ्या एकत्र आल्या. केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. इथला 'संयुक्त' हा शब्द नाटकाच्या नावाचा भाग नाही. दोन कंपन्यांचा मिळून खेळ, एवढाच त्याचा अर्थ. नाटकांच्या सूचीत हे वेगळे नाटक म्हणून नोंदवू नये.

उत्तर

जाहीर खबरींतल्या शब्दांत 'जलसा' आणि 'फड' हेही घ्यायला हवेत. जलसा म्हणजे गाण्याची बैठक, पण 'सत्यशोधक जलसा' असेल तर ते तमाशाच्या साच्यातले समाजप्रबोधन असते. सावकारी, जातिभेद आणि शिक्षण हे त्याचे विषय. 'फड' तमाशाचा, कुस्तीचा आणि उसाचाही. शेजारचा शब्द पाहूनच अर्थ ठरवावा. 'जोड', 'निकाली', 'चितपट' यांपैकी काही दिसले की कुस्ती समजावी. 'मेळा' म्हणजे गणेशोत्सवात पदे म्हणणारे पथक, 'मेळावा' नव्हे.

मूकपटांच्या जाहिरातींत लांबी फुटांत देत, तिचे मिनिटांत रूपांतर करताना सावध असावे. ३५ मिलिमीटर फितीच्या एका फुटात १६ चित्रे बसतात. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' सुमारे ३७०० फुटांचा. सेकंदाला १६ चित्रे धरली तर एक फूट म्हणजे एक सेकंद, म्हणजे चित्रपट ६२ मिनिटांच्या आसपास. सेकंदाला २४ धरली तर ४१ मिनिटे. मूकपटाचे यंत्र हाताने फिरवीत, वेग माणसाच्या हातावर. म्हणून लांबी लिहिताना फुटांचाच आकडा द्यावा.

उत्तर

आता दवंडी. मुळात दवंडी आणि डांगोरा दोन्ही वाद्य वाजवून दिलेली जाहीर खबर. आज डांगोरा बढाईकडे सरकला, 'स्वतःच्या कामाचा डांगोरा', आणि दवंडी मूळ अर्थाला धरून राहिली. हाळी वेगळी, तिच्यात वाद्य नाही, नुसता आवाज. दवंडी पिटतात, देतात किंवा फिरवतात. 'दवंडी वाजवली' हे कानाला खटकते.

हलगी किंवा डफ बडवायचा, 'ऐका हो ऐका' म्हणायचे, मग हुकूम कोणाचा, काय, कुठे, कधी, आणि पुढच्या चौकात चालू लागायचे. मजकूर दोन-तीन वाक्यांपलीकडे गेला की ऐकणारा फक्त शेवटचे धरून ठेवतो, म्हणून वार आणि वेळ शेवटी. पावसाळी हवेत चामडे ढिले पडते आणि आवाज बसतो, म्हणून निघण्यापूर्वी हलगी जाळावर शेकून ताणून घेतात.

कायद्यातही दवंडीला जागा आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत स्थावर मिळकतीच्या जप्तीचा हुकूम त्या जागेवर किंवा लगत ढोल पिटून अथवा रूढ रीतीने जाहीर करावा, आणि त्याची प्रत मिळकतीच्या व न्यायालयाच्या कचेरीच्या ठळक भागी लावावी, असे सांगितले आहे. म्हणून जुन्या दप्तरात 'दवंडी दिली व नकल डकविली' अशी जोडी दिसते. ही दोन वेगळी कामे आहेत, द्विरुक्ती नाही.

'डकविणे' म्हणजे खळीने चिकटवणे. खळ मैद्याची. आधी मैदा थंड पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवायचा, मग उकळत्या पाण्यात ओतून चकाकी येईपर्यंत ढवळायचा. मैद्याच्या सहा ते आठ पट पाणी. किडे लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात. तो विषारी आहे, भांडे वेगळे ठेवावे. थंड पाण्याची पायरी गाळली तर गुठळ्या होतात, कागदाखाली फुगे राहतात आणि पहिल्याच सरीत जाहिरात सुटते.