राणीछाप रुपया आणि पांझरेचा पूर: कार्डावर काय लिहू?

गल्लीतला मास्तर (धुळे):
मंडळी, गणपतीत आमच्या गल्लीत व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या धुळ्याचं छोटं प्रदर्शन मांडतोय. १८१८ ला खानदेश इंग्रजांकडे गेला, कॅप्टन ब्रिग्जने कचेऱ्या बांधल्या, नवी पेठ वसवली, लांबून कारागीर आणले. हे सगळं फलकावर बसवलं. पण म्हाताऱ्या माणसांना ब्रिग्ज नकोय, आपापल्या घरातलं काहीतरी मांडायचंय.

आमच्याकडे एक राणीछाप रुपया आहे, वर कडी झाळलेला. आजी सांगायची, मोठ्या पुरात तिच्या आजेसासूने नेसत्या लुगड्यानिशी घर सोडलं, मुठीत एवढा रुपया. "पांझराले पूर उना!" (पांझरा नदीला पूर आला!) ही हाक आजी अशी मारायची की शेजारचं कुत्रं भुंकायला लागायचं. हा पूर १८७२ चाच ना? तसं लिहू?

नाणीवेडा (जळगाव):
भाऊ, आधी रुपया वाचा. 'व्हिक्टोरिया क्वीन' असेल तर १८७६ पर्यंतचा, 'एम्प्रेस' असेल तर १८७७ पासूनचा. आणि १८६२ दिसलं तर लगेच तेच साल धरू नका, तो आकडा पुढेही बरीच वर्षं रुपयांवर तसाच छापत होते. चिंचेने घासू नका मात्र!

भुसावळची ताई:
रेल्वे विसरू नका हो. चाळीसगाव-धुळे गाडी १९०० ला सुरू झाली, राणी गेली १९०१ च्या जानेवारीत. जेमतेम बसते तुमच्या काळात. (आमच्याकडे १८६० नंतर लगेच इंजिनं आली, हे आपलं सहज.)

गल्लीतला मास्तर:
चिंच कालच लावून झाली. लख्ख झालाय, त्यामुळे चष्म्याशिवाय वाचता आलं: 'एम्प्रेस', मागे १८८४. म्हणजे पुरातला नाहीच.

काका म्हणतात, कोण बघतंय, पुराचाच लिही. नाही जमणार. मुठीत दुसरा रुपया असेल, तो मोडला असेल, हा नंतर कडीला लागला असेल. आजीला विचारायची सोय आता नाही.

नाणीवेडा:
मग?

गल्लीतला मास्तर:
कार्डावर "आजी सांगायची" असं सुरू करून तिची गोष्ट, हाकेसकट. सालाचा उल्लेख नाही. रुपया कडीतून दोऱ्याला टांगलाय, ज्याचं त्याने फिरवून बघावं. काका रुसलेत, पण दोरा त्यांनीच बांधून दिला.