शब्दचर्चा : तिथी लागते, तारीख लागते का?

प्रश्न, खानापूर तालुक्यातून :

आमच्या गल्लीत एका मुलीचे लग्न ठरले आहे. शेजारच्या कन्नडभाषक अक्कांना मी सहज म्हणाले, की पुढच्या आठवड्यात भटजी येऊन तिथी काढणार आहेत. त्या एकदम गंभीर झाल्या आणि ‘कोण गेले?’ असे विचारू लागल्या. नंतर दोघी हसलो, पण शंका मनात राहिली. एकाच संस्कृत शब्दाला आमच्याकडे लग्नाचा आणि त्यांच्याकडे मरणाचा अर्थ कसा आला? दुसरे असे, की तिथी म्हणजे तारीखच, एक देशी आणि दुसरी इंग्रजी, असे समजणे बरोबर आहे काय?

उत्तर, बेळगावहून :

आपल्या अक्का चुकल्या नाहीत. कन्नड पंचांगात ‘तिथी’ शब्द आपल्यासारखाच चांद्रदिवसासाठी वापरला जातो, पण बोलण्यात ‘तिथी’ म्हटले की मृताचे दिवसकार्य आणि त्यानिमित्तचे जेवण हाच अर्थ आधी डोळ्यांपुढे येतो. हा अर्थ बाहेरून आलेला नाही. श्राद्ध मृत्यूच्या तिथीला करायचे असते, त्यामुळे काळाचे नाव हळूहळू त्या काळी होणाऱ्या विधीला चिकटले. मराठीतही आपण त्या वाटेवर बरेच पुढे गेलो आहोत. ‘उद्या आजोबांची तिथ आहे’ या वाक्यात श्राद्ध हा शब्द कोठेही नसताना ऐकणाऱ्याला तो ऐकू येतो, आणि ‘पुण्यतिथी’ तर फक्त मृत्यूसाठीच राखून ठेवलेली आहे. कन्नडाने तेथून आणखी एक पाऊल टाकले, इतकेच. उलट ‘दिवस’ या साध्या शब्दाचे मराठीने काय केले ते पाहावे : बाईला दिवस गेले म्हणजे आनंद, आणि कोणाचे दिवस घातले म्हणजे तेराव्याचे जेवण. परभाषकाने यावर दचकावे आणि आपण त्याला हसावे, हा न्याय नव्हे.

आता दुसरी शंका. तिथी आणि तारीख या एकाच वस्तूच्या दोन पाट्या नव्हेत. तारीख हा अरबीतून आलेला शब्द आज आपण ज्या अर्थाने वापरतो, त्यात मध्यरात्री सुरू होऊन पुढच्या मध्यरात्री संपणारा 24 तासांचा एक ठरीव तुकडा अभिप्रेत असतो. तिथी मात्र घड्याळाने मोजलेला तुकडाच नव्हे. आकाशात चंद्र सूर्याच्या पुढे जात राहतो, आणि त्या दोघांतील अंतर 12 अंशांनी वाढायला जेवढा वेळ लागतो तेवढी एक तिथी. पूर्ण फेरा 360 अंशांचा, म्हणून तिथी 30. हा फेरा सरासरी 29.53 दिवसांत पुरा होतो, त्यामुळे सरासरी तिथी 23 तास 37 मिनिटांची, म्हणजे दिवसापेक्षा किंचित आखूड निघते. परंतु चंद्राची चाल एकसारखी नाही. पृथ्वीजवळ असताना तो वेगाने धावतो आणि दूर असताना रेंगाळतो, म्हणून प्रत्यक्षात एखादी तिथी सुमारे 20 तासांत आटोपते, तर एखादी 26 तासांच्याही वर जाते. जुन्या ज्योतिष्यांनी हे ‘बाणवृद्धी, रसक्षय’ या सूत्रात बसवले होते. बाण पाच आणि रस सहा, म्हणून दिवसाच्या 60 घटिकांत (घटिका म्हणजे 24 मिनिटे) फार तर पाच वाढतील आणि फार तर सहा घटतील, असा त्याचा अर्थ. आजच्या वेधांनी या मर्यादा दोन्ही बाजूंना थोड्या रुंदावल्या आहेत.

याचा परिणाम असा, की तिथी सकाळी नऊला सुरू होईल, दुपारी तीनला होईल किंवा मध्यरात्रीनंतर होईल. मराठी क्रियापदांनी ही गोष्ट फार चांगली सांभाळली आहे. आपण म्हणतो, ‘एकादशी किती वाजता लागते?’, ‘अमावास्या लागली, आता गाडी बाहेर काढू नका’, ‘चतुर्थी रात्री संपते’. ग्रहण लागते आणि सुटते, पंचक लागते, तशीच तिथी लागते. तारीख मात्र लागत नाही. ती येते आणि उलटते. जे आकाशात घडते त्याला ‘लागणे’ आणि जे कागदावर घडते त्याला ‘येणे’ हा भेद कोणी शिकवलेला नाही, पण पंचांग कधी न उघडलेल्या माणसाच्या तोंडीही तो बिनचूक असतो.

मग व्यवहारासाठी दिवसाला एक तिथी कशी लावायची? सूर्योदयाच्या क्षणी जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची, असा नियम आहे. सकाळी सातला संपणारी सप्तमी असली तरी दिनदर्शिकेत सप्तमीच छापलेली असते. एखादी तिथी एका सूर्योदयानंतर लागून पुढच्या सूर्योदयाआधीच संपली, तर तिच्या वाट्याला एकही दिवस येत नाही, आणि तो क्षय. उलट एखादीने दोन सूर्योदय गाठले तर ती वृद्धी. बारा चांद्रमासांत तिथी 360 आणि दिवस 354 असल्यामुळे वर्षभरात वृद्धीपेक्षा क्षय साधारण सहाने अधिक असणारच. ‘क्षय’ हा शब्द आपल्याला रोगावरून ठाऊक असल्याने मनात उगाच धसका बसतो. मुहूर्तशास्त्र क्षयतिथी शुभकार्याला वर्ज्य मानते हे खरे, पण ती तिथी झिजलेली किंवा आजारी नसते. ती आकाशात पूर्ण 12 अंश चालून गेलेली असते. हुकलेला असतो तो आपला सूर्योदय.

पुरवणी, निपाणीहून :

वरील विवेचनात सणांचा भाग राहिला, म्हणून लिहीत आहे. सूर्योदयाचा नियम सरसकट चालत नाही. गणेश चतुर्थीला मध्यान्ही असलेली चतुर्थी धरतात, संकष्टीला चंद्रोदयाची, गोकुळाष्टमीला मध्यरात्रीची, लक्ष्मीपूजनाला प्रदोषाची, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या वेळेची, आणि श्राद्धाला अपराह्णाची, म्हणजे दुपारनंतरची. याला पंचांगात मध्यान्हव्यापिनी, प्रदोषव्यापिनी अशी नावे आहेत. लोकांच्या तक्रारी बहुधा येथूनच निघतात, कारण दिनदर्शिकेत तृतीया छापलेली असताना संकष्टी कशी, हा प्रश्न दर वर्षी कोणीतरी विचारतोच. आमच्या भागात त्यावर आणखी एक पदर आहे. मराठी घरांत बहुधा प्रत्यक्ष वेधाशी जुळणारे दृक् गणिताचे पंचांग असते, तर काही कन्नड मठांची पंचांगे सूर्यसिद्धान्त या जुन्या ग्रंथाच्या गणिताने चालतात. तिथीच्या समाप्तीत त्यामुळे काही तासांचाही फरक पडू शकतो, आणि एकाच आळीत एका घरी आज उपवास तर दुसऱ्या घरी उद्या, असे होते. स्मार्त आणि भागवत (वैष्णवांची) एकादशी हा भेद वेगळा. त्यात अरुणोदयाला, म्हणजे सूर्योदयाआधीच्या पहाटे, दशमीचा वेध आहे की नाही, म्हणजे दशमी अजून चालू आहे की संपली, हे पाहतात.

एक गोष्ट मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखी आहे. मराठी आणि कन्नड दोन्ही पंचांगे शालिवाहन शकाची आणि अमान्त, म्हणजे अमावास्येला महिना संपवणारी आहेत. उत्तर हिंदुस्थानात पौर्णिमेला महिना संपत असल्याने आपला माघ वद्य त्यांचा फाल्गुन होतो, पण चिक्कोडीतील कन्नड शेतकऱ्याचा आणि माझा वद्यपक्ष एकाच महिन्यात पडतो. शब्दही सख्खे आहेत : आपला पाडवा आणि त्यांचे पाड्य, आपली बीज आणि त्यांची बिदिगे, तीज आणि तदिगे, चौथ आणि चौती, सगळे संस्कृत क्रमवाचकांचे प्राकृतात घासून आलेले रूप. पुनवेला ते हुण्णिमे म्हणतात. ज्येष्ठी पौर्णिमेची त्यांची कारहुण्णिमे म्हणजेच आमच्या दिनदर्शिकेतला ‘कर्नाटकी बेंदूर’. ‘महाराष्ट्रीय बेंदूर’ त्यानंतर आषाढात येतो. दोन्हीकडची सोयरीक असलेल्या घरातील बैलांना दोन्ही वेळा पुरणपोळी मिळते, ही त्यांच्या बाजूने भाषावार प्रांतरचनेची एकमेव चांगली बाजू म्हणावी.

मला विचारायचे ते वेगळेच. आमच्या घरी कार्य नवमीला धरू नका, ती ‘रिक्ता’ आहे, असे वडीलधारे म्हणतात. दुसरीकडे ‘भद्रा’ आहे म्हणून राखी दुपारनंतर बांधा, असेही ऐकतो. मुहूर्ताच्या यादीत मात्र भद्रा तिथी शुभ लिहिलेली आढळते. हा काय घोळ आहे?

उत्तर, बेळगावहून :

घोळ शब्दाचा आहे. पंधरा तिथींचे पाच वर्ग पाडलेले आहेत. प्रतिपदा, षष्ठी, एकादशी या नंदा. द्वितीया, सप्तमी, द्वादशी या भद्रा. तृतीया, अष्टमी, त्रयोदशी या जया. चतुर्थी, नवमी, चतुर्दशी या रिक्ता. आणि पंचमी, दशमी, पौर्णिमा या पूर्णा. यातील भद्रा म्हणजे कल्याणी, आणि ती शुभच. राखीच्या वेळची भद्रा निराळी. ती तिथी नव्हे, ते करण आहे. तिथीचा अर्धा भाग म्हणजे करण. अशी सात चर आणि चार स्थिर करणे आहेत. त्यांतील सातव्या चर करणाचे खरे नाव विष्टी, आणि ते शुभकार्याला वर्ज्य आहे. या विष्टीलाच भद्रा म्हणतात. वाईटाला गोड नाव देण्याची आपली जुनी रीत यामागे असावी, असे मला वाटते. दिवा विझला म्हणण्याऐवजी निमाला किंवा वाढवला म्हणतात, त्याच जातीचे हे बोलणे. करणांचा क्रम ठरलेला असल्यामुळे प्रत्येक पौर्णिमेचा पूर्वार्ध विष्टीचाच असतो. म्हणून राखीला आणि होळीला भद्रेची चर्चा चुकत नाही. त्यात कोणत्या एका वर्षाचे दुर्दैव नसते. गंमत अशी, की वद्य सप्तमीचा पूर्वार्धही विष्टीचा, म्हणजे त्या वेळी शुभ भद्रा तिथी आणि अशुभ भद्रा करण एकत्र नांदतात. अशा वेळी नुसते ‘आज भद्रा आहे’ असे म्हणणाऱ्याला कोणती, असे विचारलेच पाहिजे.

रिक्तेबद्दल वडीलधाऱ्यांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे, पण अर्धेच. रिक्ता म्हणजे रिकामी. विवाह, गृहप्रवेश, व्यापाराचा आरंभ अशा लौकिक कार्यांना ती टाळतात. परंतु गणेश चतुर्थी रिक्ता, रामनवमी रिक्ता, अनंत चतुर्दशी रिक्ता आणि महाशिवरात्रीची चतुर्दशीही रिक्ताच. उपासनेच्या तिथी त्या त्या तिथीच्या देवतेवरून ठरतात, आणि चतुर्थीचा स्वामी गणपती, पंचमीचे नाग, सप्तमीचा सूर्य, अमावास्येचे पितर ही यादी डोळ्यांपुढे ठेवली की नागपंचमी, रथसप्तमी, सर्वपित्री यांची उकल आपोआप होते. शिवाय फलज्योतिषात तिथी एकटी बोलत नाही. तीच रिक्ता शनिवारी आली तर सिद्धयोग मानतात, जशी नंदा शुक्रवारी, भद्रा बुधवारी, जया मंगळवारी आणि पूर्णा गुरुवारी. ‘तिथवार पाहून’ हा आपला जोडशब्द याच विचारातून आलेला दिसतो. या फलावर किती विश्वास ठेवावा हा ज्याचा त्याचा प्रश्न. माझा स्वतःचा फारसा नाही, पण ‘नवमी अशुभ’ एवढे अर्धवट वाक्य तरी शास्त्राच्या नावावर खपवू नये.

शंका, बेळगावहून, एका वकिलाची :

तारीख लागत नाही, हे विधान मागे घ्यावे लागेल. आमच्या व्यवसायात तारीखच लागते. 2004 मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात सीमाप्रश्नाचा दावा दाखल केला, तेव्हापासून ‘तारीख लागली’ हे शब्द या भागातील शाळकरी मुलांनाही पाठ आहेत.

उत्तर :

मान्य. वाक्य सैल लिहिले गेले. तरी दोन ‘लागणे’ वेगळी आहेत. न्यायालयाची तारीख लागते म्हणजे नेमली जाते, जसा निकाल लागतो किंवा नंबर लागतो. तिथी लागते म्हणजे सुरू होते. ‘तारीख किती वाजता लागते?’ असे कोणी विचारणार नाही, आणि अमावास्या पुढे ढकलून मिळत नाही.

तिथी आणि तारीख यांची ओढाताण पाहायची तर आपल्याला दूर जायला नको. शिवजयंती महाराष्ट्र शासन 19 फेब्रुवारीला करते, कारण फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551 या जन्मतिथीची इसवी सनातील तारीख 19 फेब्रुवारी 1630 अशी येते. तीच तृतीया तिथीने पाळणारे ती फाल्गुनात पाळतात. बेळगावची पारंपरिक शिवजयंती मात्र वैशाख शुद्ध द्वितीयेला, शके 1549 या जुन्या मताला धरून होते, आणि चित्ररथांची मिरवणूक आजही त्याच सुमारास निघते. तेव्हा ‘तिथीप्रमाणे शिवजयंती’ असे नुसते म्हणून बेळगावात भागत नाही. कोणत्या तिथीप्रमाणे, हे सांगावे लागते.

खानापूरहून :

सर्वांचे आभार. भटजी काल येऊन गेले आणि वैशाख शुद्ध दशमी ठरली, म्हणजे आपल्या हिशेबाने पूर्णा. अक्कांना सांगताना या वेळी ‘मुहूर्त काढला’ असे म्हणाले. तो शब्द त्यांच्याही भाषेत तसाच असल्याने त्या लगेच समजल्या, आणि पुढचा प्रश्न जेवणाचा आला.