वर्गसमीकरण दिसले की हात थांबतो

प्रश्न (एक पालक):
माझी मुलगी राज्य मंडळाच्या दहावीत आहे. भूमितीची प्रमेये ती न अडखळता सिद्ध करते. परंतु बीजगणिताच्या ४० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत वर्गसमीकरण दिसताच तिचा हात थांबतो. नंतर वहीतले सोडवलेले उदाहरण पाहून "हे तर मला येत होते" असे म्हणते. काय करावे?

उत्तर (निवृत्त शिक्षिका):
सोडवलेले उदाहरण वाचून समजणे निराळे आणि कोऱ्या कागदावर सोडवणे निराळे. वही मिटून तेच उदाहरण तिला करू द्यावे, दोन दिवसांनी पुन्हा एकदा. क्ष² − ४क्ष − १२ = ० याचे अवयव (क्ष − ६)(क्ष + २) असे बरोबर पाडूनही अनेक मुले मुळे, म्हणजे समीकरण खरे ठरवणाऱ्या क्षच्या किमती, ६ आणि −२ ऐवजी −६ आणि २ लिहितात; मिळालेली किंमत समीकरणात ठेवून पाहण्याची सवय लागली, की ही चूक आपली आपल्यालाच सापडते, आणि माझ्या मते आत्मविश्वास तेथूनच येतो, नुसत्या शाबासकीने नव्हे.

उत्तर (बारावीचा विद्यार्थी):
मी चुकांची वेगळी वही ठेवली होती. निम्म्याहून अधिक चुका चिन्हांच्याच निघाल्या, तेव्हा भीती बरीच ओसरली.

पालक:
आज तिने −६ ठेवून पाहिले. ३६ + २४ − १२ म्हणजे ४८ आले, आणि ती स्वतःच हसली.